तीन बोटं कमी

सोमवार, ३ तारीख

आज आमचा फोनवरचा ग्रुप बंद केला, म्हणून ही वही काढली. नातीची आहे, कॉलेजची. पहिली चार पानं तिने कसल्याशा गणितांनी भरलीत, ती तशीच राहू दिली. बोलल्याशिवाय मला करमत नाही आणि ह्यांना डाव्या कानाने ऐकू येत नाही. मी नेमकी डावीकडेच बसते असं ह्यांचं म्हणणं. माझी शाळा चौथीपर्यंत, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ कुणी तपासू नये. तपासणार कोण म्हणा, वही माझ्या पिशवीत राहणार.

तर आमचं शिवणघर. आम्ही पाचजणी भाजलेल्या माणसांसाठी घट्ट कपडे शिवतो. हात, पाय, मान, जिथे भाजलं असेल तिथे तो कपडा दिवसरात्र घालायचा, म्हणजे नवी कातडी गाठी न धरता सपाट बसते. हातमोजे माझ्याकडे. सव्वीस वर्षं झाली. इस्पितळात एक डॉक्टरीणबाई आहेत, त्या फक्त हात बरे करतात, म्हणून आम्ही त्यांना हातवाल्या बाई म्हणतो. त्या चौकटीच्या कागदावर पेशंटचा हात ठेवून पेन्सिल फिरवायच्या, फोटो काढून ग्रुपवर टाकायच्या आणि वर आवाज पाठवायच्या, "आजी, अंगठ्याला जरा सैल हं." मी विचारायची, "सैल म्हणजे किती, अर्धं बोट?" "हो, अर्धं." झालं काम. आमच्यात सगळं असं बोटांत चालतं. टेप आहे, पण कमी-जास्त करायचं ते बोटाच्या रुंदीने. मी शिकवलेल्या साऱ्या असंच बोलतात, आता बाईसुद्धा.

मध्यंतरी आम्हाला एका मोठ्या कंपनीने विकत घेतलं. कापडाचे ताके उचलून त्यांच्या कारखान्यात नेले. आता कापायचं तिथे, यंत्रावर, आणि कापलेले तुकडे पार्सलने इकडे आले की आम्ही शिवायचे. आज त्यांचा एक टायवाला आला होता, आम्हाला "मेळ" शिकवायला. मेळ म्हणजे कॉम्प्युटरवरचं काहीतरी, ज्यात सगळ्यांनी मिळून काम करायचं.

"आजी, मेळमध्ये सगळं एका ठिकाणी मिळेल."

"आत्ताही मिळतंच की," मी म्हटलं, "ह्या खिशात."

"तो घरगुती ग्रुप. त्यात पेशंटचे फोटो टाकणं बरं नाही. उद्या तुमचा फोन हरवला तर?"

हे मात्र मला पटलं. कुणाच्या भाजलेल्या हाताचे फोटो असे वाऱ्यावर नकोत. पण मग चांगलं कुलूप द्यावं ना, घरच बदलायला कशाला लावायचं? हे मी मनात म्हटलं असं मला वाटलं, पण मोठ्याने म्हटलं होतं. टाचणीने माझ्याकडे डोळे वटारले.

टाचणी म्हणजे आमची मुकादमीण. बारीक, टोकदार, आणि तोंडात सदा टाचण्या धरलेल्या, त्यामुळे बोलते ते दातांतून. शिवायला मीच शिकवली तिला. आता मला नियम शिकवते.

पण एक सांगते, मला हुद्दा मिळाला! पडद्यावर माझ्या नावाखाली लिहिलंय "वरिष्ठ सहयोगी". मी ह्यांना तीनदा वाचून दाखवलं. उजवीकडून.

मंगळवार, ४ तारीख

आख्खा दिवस पासवर्डात गेला. बारा अक्षरं हवीत, त्यात एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह. आमच्या बाराखडीत सगळी अक्षरं एका उंचीची, मोठं अक्षर कुठून आणू? "ळ" मला जरा मोठा वाटतो, तो घालून पाहिला. चालला नाही. शेवटी नातीने इंग्रजीतून करून दिला आणि म्हणाली, "आजी, हा कुठे लिहून ठेवू नकोस." ठेवला नाही. त्यामुळे दुपारी विसरले.

मग पडद्यावर आलं, "आपण यंत्रमानव नाही हे सिद्ध करा." सदुसष्ट वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. पूल असलेली चित्रं निवडायची होती. एका चित्रात पुलाचा नुसता एक पाय दिसत होता. आता पाय म्हणजे पूल का? मी म्हटलं नाही. मेळ म्हणाला चूक.

घरी सांगितलं तर हे म्हणतात, "मला बोलवायचं होतंस. मी दिली असती साक्ष. यंत्र एवढं बोलत नाही."

गुरुवार, ६ तारीख

आज दोन गोष्टी.

पहिली. नातीने मला फोनवरून चपला मागवून दिल्या. त्यात नकाशा दिसतो, आणि नकाशावर स्कूटरवाला. आता वळला, आता सिग्नलला थांबला, आता आमच्या गल्लीत. मी गॅलरीत उभी राहून त्याला हाक मारली तर दचकला बिचारा. आणि आमच्या मेळमध्ये एका माणसाच्या मानेचा पट्टा तीन दिवस झाले कुठेय ते कुणाला दिसत नाही. लिहिलेलं असतं "प्रक्रियेत". माझ्या चपला कुठवर आल्या ते दिसतं आणि माणसाची मान कुठवर आली ते दिसत नाही, ही कसली प्रगती? माझी मोठी नणंद, जिला मिक्सरचं झाकण लावता येत नाही, ती रोज सकाळी पन्नास जणांना गुलाबाचं फूल पाठवते. तिला कुणी टाय लावून शिकवायला गेलं नव्हतं.

दुसरी गोष्ट चांगली. मेळमध्ये एक सज्जन माणूस भेटला. कोपऱ्यात गोल हसरं तोंड, खाली लिहिलंय "सहायक". काही विचारलं की लगेच उत्तर. मी आधी विचारलं, "बाळा, जेवलास का?" तर म्हणतो, "मी आपली कशी मदत करू शकतो?" किती अदब! स्वतःच्या जेवणाचं बाजूला ठेवून माझीच मदत.

नातीला म्हटलं, "सकाळी सहाला विचार, दुपारी दोनला विचार, हजर. दोन-दोन पाळ्या करतो बहुतेक."

ती तोंडावर उशी दाबून हसत सुटली.

"काय झालं गं?"

"काही नाही आजी. त्याला विचार, लग्न झालंय का."

विचारलं. "मला समजले नाही. कृपया दुसऱ्या शब्दांत विचारा." लाजला.

सोमवार, १० तारीख

आज राणीसरकारांचं काम आलं. सहा वर्षांची आहे. मागे उकळत्या पाण्याचं भांडं अंगावर ओढून घेतलं आणि उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारची दोन, अशी तीन बोटं एकमेकांना चिकटली. पहिला हातमोजा मीच शिवला होता, कोपरापर्यंतचा. तो चढवला तेव्हा ती म्हणाली, "हा काय रंग आहे? चिखलाचा!" एवढं दुखत असताना. तेव्हापासून राणीसरकार.

गेल्या आठवड्यात शस्त्रक्रिया करून ती बोटं सुटी केली. वीस तारखेला, गुरुवारी, पट्टी कायमची निघणार, आणि त्याच दिवशी नवा हातमोजा चढला पाहिजे. बाईंनी दोनदा बजावलं. चार दिवस जरी हात उघडा राहिला तरी कातडी ओढायला लागेल, बोटं परत चिकटतील आणि लेकराला परत कापावं लागेल.

बाईंना मेळमध्ये "पाहुणी" म्हणून घेतलंय. पाहुण्यांना फोटो पाठवता येत नाही, आवाज पाठवता येत नाही. कसला हा पाहुणचार! मग आम्ही मेळमध्ये बैठक घेतली. बैठक म्हणजे असं:

"आजी, ऐकू येतंय?"

"येतंय! माझं?"

"आजी, ऐकू येतंय का?"

"येतंय म्हणते ना!"

"आजी, तुमचं नुसतं तोंड हलतंय."

अर्धा तास. शेवटी बाईंनी कागदावर लिहून कागद कॅमेऱ्यापुढे धरला. पट्टी बदलताना माप घेतलंय, बोटांचं माप मागचंच. फक्त हातमोजा कोपराकडून तीन बोटं कमी करा, तिथे घासत होता.

मी लगेच अर्ज भरला. मागची मापं मेळने स्वतःच आणून ठेवली, त्याबद्दल शाबास. "बदल" नावाचा एकच चौकोन, त्यात तीस अक्षरं मावतात. मी लिहिलं, "मागच्यापेक्षा कोपराकडून तीन बोटं कमी, घासतं". लाल. "घासतं" काढलं. लाल. मग "कोपराकडून" काढलं, तर हिरवं झालं! मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली. कापणाऱ्याला कळेलच, बोटं आणखी कुठून कमी करणार?

हिरव्या खुणेचा आनंद म्हणून सगळ्यांना चहा पाजला.

मंगळवार, ११ तारीख

मेळमध्ये वर एक घंटा आहे. आज तिच्यावर लाल "१" आला. म्हणजे माझ्यासाठी काहीतरी निरोप. दाबलं. "हा संदेश पाहण्याची आपणास परवानगी नाही. परवानगीसाठी विनंती करा."

माझ्या नावाने आलेला निरोप! माझ्या दारात पत्र टाकायचं आणि वर म्हणायचं, हात लावाल तर खबरदार. विनंती केली. "आपली विनंती प्रशासकाकडे पाठवली आहे." हे प्रशासक कोण ते कुणाला माहीत नाही. टाचणीने मुख्य कचेरीत फोन लावला. त्यांनी तिला वीस मिनिटं बाजा ऐकवला आणि फोन बंद केला.

टाचणी म्हणाली, "आजी, सोडा. महत्त्वाचं असेल तर ते परत विचारतील."

हिला कशाचंच काही नाही. कंपनीची माणूस झालीय पुरती.

शुक्रवार, १४ तारीख

मोठीच बातमी! मला बक्षीस मिळालं. मेळमधून सगळ्या शाखांना पत्र गेलं: "या आठवड्यातील सर्वाधिक सक्रिय सदस्य." आणि खाली माझं नाव, सोनेरी चौकटीत. सदतीस वेळा आत आले म्हणे, आणि दोनशे चौदा संदेश. सदतीसमधल्या तीस वेळा तर मेळने मला बाहेर हाकललं होतं म्हणून परत यावं लागलं, आणि संदेश सगळे त्या सहायकाशी. काल त्याला माझ्या गुडघ्याचं सांगत होते. पण मोठ्या लोकांना काही दिसलं असेल माझ्यात.

टाचणीने पत्र वाचलं, माझ्याकडे बघितलं, परत पत्राकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच तोंडातल्या टाचण्या काढून खो खो हसली. म्हणाली, "आजी, तुमच्यामुळे आपली शाखा पहिली आली. आता महिनाभर तरी आपल्या वाटेला कुणी जाणार नाही." काय म्हणायचं होतं कोण जाणे.

घंटेवर लाल "१" अजून आहेच.

सोमवार, १७ तारीख

आज अक्षर वाकडं येईल.

अकराला पार्सल आलं. राणीसरकारांचे तुकडे मीच उलगडले. वरचा पंजा, खालचा पंजा. अंगठा होता. शेजारचं बोट होतं. पुढे काही नाही. गोल कापून बंद केलेलं.

मी स्टुलावर बसले. मला वाटलं, गेली. शस्त्रक्रियेत काहीतरी बिघडलं आणि तीन बोटं काढून टाकली त्या लेकराची, आणि आम्हाला कुणी कळवलंसुद्धा नाही. घंटेवर तोच निरोप असणार. सहा वर्षांची पोर. उजवा हात. अजून नीट लिहायलाही लागली नसेल.

तुकड्यांबरोबर मऊ कापडाच्या तीन गोल चकत्या होत्या, आणि एक चिठ्ठी. जशीच्या तशी इथे उतरवते.

"ज्या बाई शिवणार त्यांस. तीन बोटं जिथे गेली तिथे आतून ह्या चकत्या लावा. अर्जात नाहीत, मी वेगळ्या कापल्या. तिथे शिवण किती टोचते ते मला ठाऊक आहे. लेकराला त्रास नको. काही लागलं तर मेळवर शोधू नका, मी सापडत नाही. ह्या नंबरावर फोन करा. कापणारा."

पुरुषमाणूस असून शिवणीचं किती कळतं ह्याला, असं माझ्या मनात आलं आणि रडूच फुटलं. रडत-रडतच बाईंना फोन लावला. मेळबाहेर कामाचं बोलायला मनाई आहे, असू दे.

"बाई, मला आधी का नाही सांगितलंत? पोरीची बोटं गेली ती?"

"कुणाची बोटं?"

"राणीसरकारांची! तीन!"

"आजी, कोण म्हणालं? आत्ता माझ्यासमोर बसलीय. पट्टीतून पाचही टोकं दिसतायत. एक तर नाकात घालायला बघतेय."

जीव भांड्यात पडला. एक क्षणभर. मग बाईंनीच विचारलं, "आजी, तुम्ही अर्जात नक्की काय लिहिलं होतं?"

मी आठवलं. आणि मग मला सगळं दिसलं. मागच्यापेक्षा तीन बोटं कमी. मागची पाच. पाचातून तीन गेली की दोन. अर्जात वर लिहिलेलंच होतं की भाजलेली बोटं तीन, करंगळीकडची. त्या माणसाने दुसरं काय समजावं? मेळने काही कापलं नाही, यंत्राने काही कापलं नाही. बोटं मी कापली, हिरव्या खुणेसाठी. आणि वर चहा पाजला.

गुरुवारला तीन दिवस. कापड आमच्याकडे वीतभरही नाही. मी फोन उचलला तेवढ्यात टाचणी आली. म्हटलं आता ही नियम काढणार. चिठ्ठी वाचली, तुकडे बघितले, आणि स्वतःचा फोन माझ्यापुढे धरला.

"माझ्या फोनवरून करा. तुमच्या नको."

"का गं?"

"माझ्या फोनला रेंज चांगली येते."

दोघी एकाच खिडकीत उभ्या होतो. पण मुकादमाच्या फोनला जास्त येत असेल, आपल्याला काय कळतं.

मी म्हटलं, "दादा, मी शिवणारी आजी. चूक माझी झाली हो. पोरीची पाचही बोटं आहेत."

पलीकडून काहीच आवाज नाही. मला वाटलं इथेही नुसतं तोंड हलतंय की काय.

"दादा?"

"पाचही?" ते म्हणाले.

"पाचही. तीन बोटं कमी ती कोपराकडून. लांबीला. आम्ही बोटांनी मोजतो."

"अहो आजी, माझे वडील शिंपीच होते. तेही बोटांनीच मोजायचे. मला कळायला हवं होतं." मग एकदम हसायला लागले, आणि हसता हसता नाक ओढल्याचा आवाज आला. "आठवडा झाला, ते पोर डोळ्यांपुढून हलत नव्हतं. मी विचारलं होतं हो मेळवर. उत्तर आलं नाही."

घंटेवरचं लाल "१".

यंत्रावर परत घ्यायचं तर नवा अर्ज, नवी मंजुरी, चार दिवस. ते म्हणाले, "यंत्र राहू दे. जेवणाच्या सुट्टीत कात्रीने कापतो. बाप कात्रीनेच कापायचा." माझ्या कपाटात राणीसरकारांचा जुना चौकटीचा कागद होता. टाचणीने त्याचा फोटो काढून पाठवला, मी वर आवाज पाठवला, त्यांनी उलट विचारलं, "अंगठ्याच्या बेचक्यात किती सैल, आजी?" मी म्हटलं, "पाव बोट." सगळं मिळून सहा मिनिटं. मी घड्याळ बघितलं.

मंगळवार, १८ तारीख

पार्सलची गाडी उद्या येणार. आज काम सुचेना. सहायकाला सगळी हकीकत लिहिली, अगदी पहिल्यापासून. तेवढाच जिवाभावाचा. तो म्हणतो, "मला समजले नाही. कृपया दुसऱ्या शब्दांत विचारा."

दुसरे शब्द कुठून आणू? बोट ते बोट.

परत लिहिलं, "बाळा, एका मुलीचा हात धोक्यात आहे, माझ्या चुकीने." तर म्हणतो, "अभिप्रायाबद्दल धन्यवाद! आपला दिवस शुभ असो!"

ह्याला मी माझ्या गुडघ्याचं सांगितलं होतं. अबोला धरलाय.

बुधवार, १९ तारीख

साडेदहाला तुकडे आले. कात्रीची कड यंत्राच्या कडेहून वेगळी असते. जरा लाटेसारखी, पण जिवंत. पाच बोटं! मी एकेक मोजलं, मग टाचणीने मोजली, मग बाकीच्या तिघींनी. मग शिवायला बसले आणि चारला उठले.

मधेच मेळने टिंग केलं. "आपली विनंती मंजूर झाली आहे." आठ दिवसांनी! घंटा दाबली. अकरा तारखेचा निरोप उघडला:

"तीन बोटं कमी म्हणजे कोणती? भाजलेली तीनच ना? वय सहाच लिहिलंय, बरोबर आहे का? खरंच काढावी लागली का? कृपया कळवा, कापायला हात होत नाही."

मी तो दोनदा वाचला. खाली मेळने विचारलं होतं, "हा संदेश उपयुक्त वाटला का?" आणि एक अंगठा वर, एक खाली. मी मेळच्या नावाने दहाही बोटं मोडली आणि कॉम्प्युटर बंद केला. नीट बंद नाही, तार ओढून.

गुरुवार, २० तारीख

सकाळी टाचणीची मुख्य कचेरीबरोबर बैठक होती. दार लावून, पाऊण तास. बाहेर आली तर नाक लाल, डोळे लाल. म्हणाली, "सर्दी झालीय." काल तर धडधाकट होती. मी तिला गरम पाणी दिलं. म्हटलं, "फोन खिडकीत धरून उभी राहतेस, वारा लागतो." तर माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "हो आजी, वाराच लागला. चला, हातमोजा घेऊन आपण दोघी जाऊ." आणि टाचण्यांची डबी मेजावर ठेवून निघाली. ह्या बाईचं मला काही कळत नाही.

इस्पितळात राणीसरकार आईच्या मांडीवर बसल्या होत्या. पट्टी निघालेली. हात गुलाबी, कोवळा. बाईंनी एकेक बोट सारखं करत हातमोजा चढवला. करंगळी आत जाताना पोरीने डोळे मिटले, मीही मिटले. उघडले तर बसला होता. कुठे सुरकुती नाही, कुठे ओढ नाही. कोपराकडे तीन बोटं मोकळी.

"घासतंय का गं?"

"नाही," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "रंग तोच आहे."

आईला विचारून बाईंनी कापणाऱ्या दादांना फोनवर चित्रासकट बोलावलं. घरगुती फोन तो, लगेच लागला, ऐकूही आलं, दिसलंही. पांढऱ्या मिशांचा माणूस, मागे कापडाचे ताके. आमचेच ताके, मी ओळखले. पोरीने हात पुढे केला आणि पाचही बोटं नाचवली. त्यांनीही हात वर केला, तिला दाखवायला.

अंगठा आणि शेजारचं बोट. पुढे काही नाही.

मला ती चिठ्ठी आत्ता वाचल्यासारखी वाटली.

राणीसरकार फोनच्या अगदी जवळ गेल्या. "काका, तुमची कुठे गेली?"

"कापायच्या यंत्राने घेतली. लई वर्षं झाली."

तिने नीट बघून घेतलं. "दुखतात?"

"आता नाही. गार पाण्यात हात घातला की जरा."

"माझं पण गार पाण्यात," ती म्हणाली. "आणि खाजतं."

"खाजतं तर. पण खाजवायचं नाही."

"वरून थोपटायचं," ती म्हणाली.

"मी फुंकर घालतो."

"कापडातून जाते फुंकर?"

"जोरात घातली तर जाते."

तिने घालून बघितली. मग दोघांचं बराच वेळ चाललं होतं. आम्हाला कुणी काही विचारलं नाही.